व्हिडिओ तुमचा, पण गाणं कुणाचं?

अहिल्यानगर, म्हणजे आपल्या नगर शहरापासून पंधराएक किलोमीटरवर सारोळा कासार हे गाव आहे. तिथल्या सुमन धामणे यांना आता सारा महाराष्ट्र ‘आपली आजी’ म्हणून ओळखतो. २०२० च्या सुरुवातीला नातवानं त्यांच्याकडे पावभाजी मागितली. आजींना ती येत नव्हती. नातवानं मोबाइलवर दुसऱ्यांचे व्हिडिओ दाखवले, ते बघून आजी म्हणाल्या, यापेक्षा चांगली मी करीन. केली, सगळ्यांना आवडली, आणि नातवाच्या डोक्यात चॅनेलची कल्पना आली. तेव्हा सत्तरीच्या घरात असलेल्या या बाईंनी कधी इंटरनेट वापरलं नव्हतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहणं तर दूरच. त्यांच्या साध्या कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चॅनेल हॅक झालं, चार दिवसांनी परत मिळालं. पुढे सबस्क्राइबर दहा लाखांच्या पलीकडे गेले, लोक आजींचा मसाला मागू लागले आणि मसाल्याची विक्रीही सुरू झाली.

हे उदाहरण आपल्याकडे इतक्यांदा सांगितलं जातं, की त्यातली कामाची गोष्ट बाजूलाच राहते. ‘आजीला जमलं तर आपल्यालाही जमेल’ एवढंच लोक त्यातून घेतात. आजींकडे त्यांचं स्वतःचं असं काय होतं, हे कुणी विचारत नाही. हात त्यांचा, मसाला त्यांचा, बोलणं त्यांचं. लोक परत परत येतात ते त्या बोलण्यासाठी. उलट आज जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याला जा, व्हिडिओ करणारी पोरं भेटतात आणि त्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: व्ह्यूज आहेत, पण पैसे येत नाहीत. चॅनेल उघडून बघितलं तर निम्म्या व्हिडिओंवर गाण्याचा क्लेम बसलेला. कमाई होतेय, पण ती मुंबईच्या एखाद्या म्युझिक कंपनीच्या खात्यात.

म्हणून या लेखात कमाई आणि गाणं हे दोन्ही एकत्रच घेतलं आहे.

पैसा येतो कुठून

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला चॅनेलचे किमान १,००० सबस्क्राइबर लागतात. त्याशिवाय गेल्या १२ महिन्यांत लोकांनी ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले असावेत, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज मिळालेले असावेत. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतून येणाऱ्या रकमेतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्समध्ये वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के. यात प्रत्यक्ष हातात किती पडतं, ते बघणारा कुठला, विषय कुठला आणि महिना कुठला यावर ठरतं. दिवाळीआधी जाहिरातदार हात सैल सोडतात, जानेवारीत आखडतात. मराठी प्रेक्षकावर मिळणारा दर इंग्रजी प्रेक्षकापेक्षा कमीच असतो, हे आधी स्वीकारलेलं बरं. समजा हजार व्ह्यूजमागे ४० रुपये हातात आले, तर लाख व्ह्यूजचे ४,००० झाले. तेवढ्यासाठी दोन माणसांचे चार दिवस आणि पेट्रोल जात असेल तर तो धंदा झाला नाही.

माझं स्पष्ट मत असं, की जिल्ह्यातल्या चॅनेलनं जाहिरातीच्या वाट्याला वरकड उत्पन्न मानावं. खरा पैसा दुसरीकडे आहे. एक म्हणजे स्वतःचा माल: मसाला, लोणचं, रोपं, कोंबडीची पिल्लं, शिकवणी. दुसरं म्हणजे आसपासच्या दुकानांच्या आणि कंपन्यांच्या जाहिराती करून देणं. घोडेगावच्या म्हशींच्या बाजाराचे, काष्टीच्या किंवा लोणीच्या जनावरांच्या बाजाराचे व्हिडिओ करणारे बघा. त्यांचा प्रेक्षक मोजकाच, पण तो म्हैस घ्यायला निघालेला माणूस असतो. पशुखाद्य, मिल्किंग मशीन, मुरघासाच्या बॅगा विकणाऱ्याला असे दहा हजार प्रेक्षक हवे असतात. भंडारदऱ्याचे काजवे दाखवणाऱ्या चॅनेलला लाखो लोक बघतात, पण त्यातला एकही कदाचित तुमच्याकडून काही विकत घेणार नाही. तंबूत राहण्याची सोय तुमचीच असेल तर गोष्ट वेगळी.

पैसे खात्यात यायच्या आधीची एक पायरी गावात हमखास अडते, म्हणून ती सांगून ठेवतो. यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात त्या ॲडसेन्सच्या खात्यात १० डॉलर जमले, की गूगल पत्ता तपासायला पोस्टानं एक पिन पाठवतं. ‘मु. पो. अमुक’ एवढाच पत्ता टाकला तर ते पाकीट हरवतं. वस्तीचं नाव, तालुका, पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. चार महिन्यांत तो पिन भरला नाही, तर जाहिराती थांबतात. १०० डॉलर झाल्यावर पैसे निघतात, साधारण महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. ते परदेशातून येतात, त्यामुळे तुमच्या शाखेत परदेशी रक्कम जमा होते का आणि स्विफ्ट कोड कुठला द्यायचा, हे खातं जोडण्याआधी विचारा. पतसंस्थेतलं खातं इथे कामाचं नाही. चॅनेल चालवणारा मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल, तर ॲडसेन्सचं खातं आईच्या किंवा वडिलांच्या नावानं काढावं लागतं.

गाण्याचा सातबारा

आता मूळ मुद्दा. गाणं म्हणजे एकाच मालकाची वस्तू नव्हे. जमिनीच्या सातबाऱ्यावर जशी चार भावांची नावं असतात, तशी एका गाण्यावर असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण ज्यानं पैसे घालून केलं त्या कंपनीचं, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून वेगळे हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून पुढे ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं.

यामुळे ‘जुनं गाणं आहे, कोण विचारतंय’ हे गणित फसतं. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालं. सत्तर वर्षं होत आली. पण गदिमा गेले १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, चालींचा हक्क २०६२ पर्यंत. रामनवमीला तुम्ही स्वतः गायलात, स्वतः मोबाइलवर रेकॉर्ड केलंत, तरी शब्द आणि चाल दुसऱ्याचेच राहतात. तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव म्हटली जातात. महाराज १९६८ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे शब्द २०२८ संपल्यावर मोकळे होतील. अण्णा भाऊ साठे यांच्या गाण्यांचे शब्द त्याच्या पुढच्या वर्षी.

मोकळं काय आहे? ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम, एकनाथ, जनाबाई यांचं सगळं. ज्ञानेश्वरी आपल्याच नेवाशात सांगितली गेली, तिच्यातली ओवी वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. रामजोशी, पठ्ठे बापूराव यांच्या लावण्यांचे शब्द मोकळे आहेत. नगरमध्ये आयुष्याचा मोठा काळ घालवलेले रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांच्याही. पण इथेच लोक घसरतात. तांब्यांच्या कवितेला पुढच्या पिढीतल्या संगीतकारानं लावलेली चाल आपण सगळे गुणगुणतो, आणि ती चाल मोकळी नाही. अभंग तुकोबांचा असला, तरी प्रसिद्ध गायकाच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं. आरतीचंही तेच. शब्द घ्या, चाल आपल्या गावातल्या भजनी मंडळाची परंपरागत लावा, रेकॉर्डिंग स्वतः करा. मग सगळा सातबारा तुमच्या नावावर.

काही समजुती इतक्या पक्क्या आहेत, की त्यांना वेगळं खोडावं लागतं. दहा सेकंद वापरलं तर चालतं, हे खोटं. कायद्यात सेकंदांचा असा काही आकडा नाही. डिस्क्रिप्शनमध्ये ‘गाण्याचे हक्क मूळ मालकाचे’ असं लिहिल्यानं परवानगी मिळत नाही, उलट आपल्याला माहीत होतं हे लेखी कबूल होतं. गाण्याचा वेग वाढवून किंवा पट्टी बदलून यूट्यूबची यंत्रणा कधीमधी चुकवता येते, हक्क मात्र चुकत नाही. लग्नात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, ती विवाहासारख्या धार्मिक समारंभात आणि वरातीसारख्या लग्नाशी जोडलेल्या कार्यक्रमांत वाजवण्यापुरती. त्या लग्नाची फिल्म गाण्यासकट चॅनेलवर टाकायला ती सूट लागू नाही. फोटो स्टुडिओवाल्यांनी हे गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगावं, नंतर व्हिडिओ म्यूट झाल्यावर भांडण नको.

तेच गाणं, तीन ठिकाणी तीन नियम

समजा ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ आहे. २०१६ चं, अजय-अतुल यांचं, झी म्युझिकनं आणलेलं. हे गाणं तुम्हाला हवं आहे.

शॉर्ट करताना ते यूट्यूबच्याच लायब्ररीतून निवडलं, तर अडचण नाही. शॉर्ट्सच्या जाहिरातींचा पैसा आधी एकत्र जमतो, संगीताचा हिस्सा तिथेच बाजूला निघतो आणि उरलेला व्ह्यूजच्या प्रमाणात वाटला जातो. तुमच्या वाट्याचे ४५ टक्के गाणं घेतलं म्हणून कमी होत नाहीत. शॉर्ट आता तीन मिनिटांपर्यंत करता येतो, पण एका मिनिटाहून लांब शॉर्टवर कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणी ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा क्लेम लागला तर तो जगभर ब्लॉक होतो. गाण्याचा शॉर्ट मिनिटाच्या आतच ठेवा.

तेच गाणं वीस मिनिटांच्या व्लॉगमध्ये मागं लावलं, तर क्लेम येणार. मालक ठरवतो काय करायचं: व्हिडिओ बंद करायचा, की चालू ठेवून पैसे आपण घ्यायचे. बहुतेक कंपन्या दुसरा मार्ग धरतात. वीस मिनिटांतलं गाणं चाळीस सेकंदांचं असलं, तरी त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे त्यांच्याकडे वळू शकतात.

आणि तेच गाणं नगरच्या कापड बाजारातल्या दुकानाच्या जाहिरातीत वापरलं, तर ते सरळ उल्लंघन. ॲपनं लायब्ररीत गाणी दिली आहेत ती व्यक्तिगत, बिगर-व्यापारी वापरासाठी. इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्याला चालू गाणी दिसत नाहीत, ती याचमुळे. मग पोरं काय करतात, तर खातं बदलून ‘क्रिएटर’ करतात, ट्रेंडिंग गाणं लावतात आणि दुकानाचा रील टाकतात. दिसायला तो रील दिसतो. पण पैसे भरून बूस्ट करायला जावं तर इन्स्टाग्राम नकार देतं, आणि कंपनीची नोटीस आलीच तर ती दुकानदाराच्या नावानं येते. ‘दादा, ते ट्रेंडिंगवालं टाका ना’ असं शेठ म्हणाले, की त्यांना हे समजावून सांगणं हा व्हिडिओ करणाऱ्याच्या कामाचाच भाग आहे. शेठ ऐकत नसतील तर गाणं त्यांच्या सांगण्यावरून घेतलं, एवढं तरी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरकही लक्षात घ्या. क्लेम पैशाचा असतो, त्यानं चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइक म्हणजे मालकानं व्हिडिओ काढून टाकायला लावला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल जातं, त्यावरच्या सगळ्या व्हिडिओंसकट. क्लेम चुकीचा असेल, म्हणजे अभंग तुमच्याच भजनी मंडळानं गायलेला असूनही कंपनीचं नाव लागलं असेल, तर पाच दिवसांच्या आत हरकत घ्या. तसं केलं तर पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवली जाते. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. पण खात्री नसताना नुसता खडा टाकून बघायचा म्हणून हरकत घेऊ नका, वाद वाढला तर तो स्ट्राइकवर जातो.

बाजारात, जत्रेत चित्रीकरण करणाऱ्यांची अडचण वेगळीच. तुम्ही म्हशीच्या मालकाशी दुधाबद्दल बोलताय, आणि मागं चहाच्या टपरीवर स्पीकर चालू आहे. मोबाइलचा माइक दोन्ही पकडतो. घरी येऊन अपलोड केलं की क्लेम. यावर उपाय दोन. कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या, त्यात टपरीचा आवाज बराच मागे पडतो. आणि तरीही गाणं घुसलंच, तर यूट्यूब स्टुडिओत फक्त गाणं पुसून बोलणं ठेवायची सोय आहे, ती वापरा. ती दरवेळी सफाईनं जमतेच असं नाही, पण अख्खा भाग कापण्यापेक्षा बरी. टपरीवाल्याला पाच मिनिटं स्पीकर बंद ठेवायला सांगणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. चहा घेतलात तर तो ऐकतो.

जाहिरातीसाठी गाणं

दुकानदारानं जाहिरात करायला सांगितली, की आपल्याकडे आधी गाणं शोधायला लागतात. मी म्हणेन, आधी गाणं लागतंय का ते बघा. मोबाइलवर जाहिरात बघणारे कितीतरी लोक आवाज बंद ठेवून बघतात. पहिल्या तीन सेकंदांत दुकानाचं नाव आणि वस्तू अक्षरांत दिसली पाहिजे. त्यानंतर आवाजाचा विचार.

घरगुती मसाल्याची वीस सेकंदांची जाहिरात घ्या. पहिले तीन सेकंद फक्त खलबत्त्याचे ठोके, चित्रात मिरच्या-धणे आणि वर नाव. मग कढईत तेल, मोहरी तडतडते, कांदा पडतो, चुर्र आवाज. दहाव्या सेकंदाला मसाला करणाऱ्या बाई स्वतःच्या बोलीत एक वाक्य बोलतात: कुणासाठी, कशात टाकायचा. शेवटचे पाच सेकंद एक छोटी धून, चार-पाच स्वरांची, दर जाहिरातीत तीच. त्यावर फोन नंबर आणि गावचं नाव. या वीस सेकंदांत एकही उसनं गाणं नाही, आणि बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. फिल्मी गाणं लावलं असतं, तर त्याला सिनेमा आठवला असता, मसाला नाही.

धून लक्षात राहते ती पुन्हा पुन्हा ऐकल्यानं. विकोची आणि निरमाची जाहिरात-गाणी दोन पिढ्यांना पाठ आहेत, कारण त्यांनी वर्षानुवर्षं चाल बदलली नाही. आपला दुकानदार दर सणाला नवं ट्रेंडिंग मागतो. ते तीन आठवड्यांनी शिळं होतं, आणि तेच गाणं वापरणारी शंभर दुकानं असतात. एकदा पैसे खर्चून स्वतःची धून करून घेतली, तर रिक्षावरच्या भोंग्यापासून रीलपर्यंत सगळीकडे तीच चालते.

भोंग्याचं निघालंच म्हणून सांगतो. चाल सिनेमाची आणि शब्द दुकानाचे, हा आपल्याकडचा जुना प्रकार आहे. निवडणुकीत तर सर्रास चालतो. शब्द बदलले तरी चाल संगीतकाराचीच, हे वर आलंच आहे. रिक्षावर कुणी पकडलं नाही, म्हणून तेच यूट्यूबवर टाकू नका. तिथे यंत्र ऐकत असतं.

धून करायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. संबळ-तुणतुणं घेऊन जागरण-गोंधळ घालणारे, हलगीवाले, बँजो पार्टीतला कीबोर्डवाला, शाळेतले संगीताचे सर अशी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. संगमनेर तर तमाशाच्या फडांचं गाव, तिथे ढोलकी वाजवणारा शोधावा लागत नाही. लग्नसराई आणि जत्रा संपल्यावर पावसाळ्यात त्यांच्या हाताला काम नसतं, तेव्हा विचारा. बियाणं, खतं, ट्रॅक्टर यांच्या जाहिरातीला हलगी शोभते. सराफाच्या किंवा साडीच्या दुकानाला सनई. शाळा-क्लासच्या जाहिरातीला दोन मुलांनी गुणगुणलेली ओळ पुरते. दवाखान्याच्या जाहिरातीला संगीत नको. डॉक्टरांचं बोलणं शांत असावं. म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करणार असाल, तर त्यांनाही कलाकार समजा. ओवी परंपरेची असली तरी तो आवाज त्या बाईचा आहे. त्यांना मानधन द्या आणि व्हिडिओ कुठे वापरणार ते समजावून सांगा. ओव्यांचे जे संग्रह आधीच कुणी रेकॉर्ड करून ठेवले आहेत, ते जाहिरातीत उचलायचे नाहीत.

धून तयार झाली, रेकॉर्डिंग केलं, पैसे दिले. काम संपलं का? नाही, कागद राहिला. पैसे दिले म्हणजे गाण्याचे सगळे हक्क आपल्याकडे आले असं कायदा मानत नाही. हक्क लेखी द्यावे लागतात. त्यातही एक मेख आहे: कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसतं. म्हणजे ‘हक्क दिले’ एवढंच लिहिलेला कागद अपुरा. साध्या मराठीत इतकं पुरे:

‘मी अमुक, राहणार अमुक, तालुका अमुक. तमुक दुकानासाठी मी वीस सेकंदांची धून रचून वाजवली आहे. ती माझी स्वतःची रचना आहे, दुसऱ्या कुठल्याही गाण्यावरून घेतलेली नाही. या धुनेचे संगीताचे हक्क मी दुकानाचे मालक यांना जाहिरातीसाठी, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगासाठी, इतक्या वर्षांसाठी देत आहे. त्याबद्दल मला अमुक रुपये मिळाले.’

खाली दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. गाणारा, वाजवणारा, शब्द लिहिणारा वेगवेगळे असतील तर प्रत्येकाकडून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क काही बाबतींत सोडून देता येत नाही, तेव्हा मोठ्या कंपनीचं काम असेल तर वकिलाला दाखवा. तालुक्याच्या दुकानासाठी वरचा कागद करणारासुद्धा आज शंभरात एखादाच सापडेल.

धून करायला वेळ नसेल, तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे. तिथे एक चाळणी लावा. काही तुकड्यांना रचनाकाराचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये द्यावं लागतं, काहींना नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकसाठी मेटाचं साउंड कलेक्शन आहे. जाहिरातीत सिनेमाचंच गाणं हवं असा हट्ट असेल, तर कंपनीकडून चित्रासोबत वापरण्याचा सिंक परवाना घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च दुकानाच्या वर्षभराच्या जाहिरातीपेक्षा जास्त होऊ शकतो. दुकानात गाणी वाजवायला घेतलेलं लायसन्स वेगळं, ते जाहिरातीला चालत नाही. एआयकडून गाणं करून घेणारेही आता बरेच आहेत. तिथे अटी वाचा. सुनोसारख्या ॲपमध्ये फुकट खात्यावर केलेलं गाणं व्यापारी कामाला वापरता येत नाही. शिवाय ते मराठी गातं तेव्हा ‘ळ’ आणि ‘च’चे उच्चार ऐकून आपल्याच गिऱ्हाइकाला हसू येतं.

उरलेलं, पण टाळू नये असं

पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या मालाबद्दल बोललात, तर ‘जाहिरात’ हा शब्द व्हिडिओत ठळक दिसला पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचे नियम जून २०२१ पासून आहेत, केंद्र सरकारचे जानेवारी २०२३ पासून. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. साखर कायमची घालवणारा काढा वगैरे जाहिराती कितीही पैसे दिले तरी घेऊ नका, १९५४ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. स्वतःचा मसाला विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी, व्हिडिओ नंतर.

कर. ॲडसेन्समध्ये पॅन देऊन अमेरिकेचा कर फॉर्म भरा. न भरल्यास जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात, भरल्यास फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर, करारानुसार १५ टक्के. आपल्या आयकर विवरणपत्रात आता इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा वेगळा कोड आहे. कंपनीनं वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू दिल्या आणि त्या तुम्ही ठेवून घेतल्या, तर त्यावरही १० टक्के टीडीएस आहे. सीए गाठा, वर्षाअखेर नव्हे, पहिली रक्कम आल्या आल्या.

चॅनेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. ‘आम्हाला तुमच्यासोबत जाहिरात करायची आहे’ असा ईमेल आणि सोबत उघडायला एखादी फाइल, हे चॅनेल चोरण्याचं नेहमीचं जाळं आहे. खरी कंपनी फोनवर बोलते.

आणि पुढचा व्हिडिओ टाकण्याआधी यूट्यूब स्टुडिओ उघडून सगळ्या व्हिडिओंची यादी काढा. रिस्ट्रिक्शन्सच्या रकान्यात ज्यापुढे कॉपीराइट लिहिलं असेल, त्यातल्या सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या पाच व्हिडिओंतलं गाणं आज रात्री पुसा किंवा लायब्ररीतल्या मोफत तुकड्यानं बदला. व्हिडिओ पुन्हा अपलोड करावा लागत नाही, व्ह्यूज जात नाहीत, आणि क्लेम उठला की त्यानंतरची कमाई तुमच्या खात्यात येते.